एमबीएला एचआर घेऊ का? महिनाअखेर फॉर्म भरायचाय

कृष्णाकाठ

नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मूळची कराडची, बीकॉम झालंय. सध्या पुण्यात विद्यापीठाशी संलग्न एका कॉलेजात एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेज नावाजलेलं वगैरे नाही, सीईटीच्या गुणांत जे मिळालं ते घेतलं. दुसरं सत्र सुरू झालंय आणि महिनाअखेरपर्यंत स्पेशलायझेशनचा फॉर्म द्यायचाय. फायनान्स, मार्केटिंग, एचआर, ऑपरेशन्स, अ‍ॅनालिटिक्स यातलं एक मुख्य आणि हवं तर एक जोडविषय.

दादा म्हणतो बीकॉम आहेस, गुपचूप फायनान्स घे. मैत्रिणी म्हणतात एचआरला अभ्यास कमी. आमच्या सरांनी तर वर्गातच सांगितलं की मुलींना एचआर बरं पडतं. पप्पा साखर कारखान्यात बॉयलरवर आहेत. ते म्हणाले, "एचआर म्हणजे आमच्याकडचा लेबर ऑफिसर ना? तो मालकाचा माणूस." कारखाना सहकारी आहे, मग मालक कोण, हा वाद मी घातला नाही.

खरं सांगायचं तर मला एचआरची ओढ लागली ती पाहुण्या वक्त्यांच्या एका तासामुळे. विषय होता ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी रक्कम. वर्ग पेंगत होता, मी मात्र वहीच्या मागच्या पानावर पप्पांचा हिशोब मांडत बसले होते. कायदा वाचायला आवडतो, आकड्यांची भीती नाही. पण या क्षेत्रात दिवसभर नक्की काय करतात, पगार खरंच कमी असतो का, आणि साध्या कॉलेजातून एचआर केलेल्यांचं पुढे काय होतं, हे कुणी स्पष्ट सांगत नाही. तुम्ही सांगा.

खडूस_एचआर

"मला माणसांत रमायला आवडतं" असं लिहिलं नाहीस, तिथेच निम्म्या वर्गाच्या पुढे आहेस.

मी पुण्यातच एका आयटी सेवा कंपनीत टॅलेंट अ‍ॅक्विझिशनला आहे. म्हणजे माणसं भरते. साध्या कॉलेजातून एचआर केलेल्यांना पहिली नोकरी बहुतेक वेळा हीच मिळते, आणि तीही थेट कंपनीत कमी, कन्सल्टन्सीत जास्त. सकाळी मॅनेजरकडून जेडी, म्हणजे जागेचं वर्णन, येतो, त्यात चार वर्षांच्या अनुभवात दहा वर्षांचं ज्ञान मागितलेलं असतं. मग नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन, आणि दिवसभर फोन. सध्याचा पगार किती, अपेक्षा किती, नोटीस किती. नोटीस बऱ्याच ठिकाणी नव्वद दिवसांची. तेवढ्या काळात उमेदवार आपली ऑफर चार ठिकाणी दाखवून भाव वाढवून घेतो आणि रुजू व्हायच्या सकाळी त्याचा फोन बंद लागतो. आपलं मोजमाप मात्र किती ऑफर दिल्या यावर होत नाही, किती जण प्रत्यक्ष आले यावर होतं. टार्गेट आहे, महिनाअखेर आहे, सगळं विक्रीसारखंच आहे.

पगाराचं म्हणशील तर सुरुवातीला फायनान्सवाल्या मैत्रिणींपेक्षा कमीच असतो. पुढे तुम्ही भरतीतच राहता की बाहेर पडता यावर सगळं ठरतं. मी मुद्दाम राहिले, कारण मला या कामाची झिंग चढते. सगळ्यांना चढत नाही.

मेथीची जुडी

रांगोळी विसरलात ताई. दिवाळीला डेस्क सजावट स्पर्धा, महिला दिनाला गुलाबाचं फूल, शुक्रवारी अंताक्षरी. आमच्या ऑफिसात अप्रेझलच्या आठवड्यात एचआरने हास्ययोग ठेवला होता.

खडूस_एचआर

@मेथीची जुडी, हसा. त्या गुलाबांचं बिल मंजूर करून घ्यायला किती ईमेल लागतात ते विचारू नका.

वाळूजवाला

वरचं सगळं आयटीचं झालं. एचआरचं दुसरं गाव आहे, तिकडचं मी सांगतो.

छत्रपती संभाजीनगरला वाळूजमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एचआर आणि आयआर, म्हणजे कामगार-युनियनशी संबंध, दोन्ही बघतो. पहिली पाळी सातची. कामगारांची बस अडकली की लाइन उशिरा सुरू होते आणि प्रॉडक्शनवाल्याचा पहिला फोन मला येतो. मग हजेरी, बदली कामगार, ओव्हरटाइमची मंजुरी. कँटीनच्या डाळीत खडा निघाला तरी माझ्याकडे. लोकांना हे किरकोळ वाटतं. पण पाचशे माणसांनी एकदम जेवणावर बहिष्कार टाकला की दुपारपर्यंत मुंबईच्या हेड ऑफिसला जाग येते.

महिन्याच्या मध्याला ठेकेदारांची कागदपत्रं. पीएफचं चलन, ईएसआयचं (कामगार विम्याचं) चलन, आणि त्यातली नावं आमच्या गेटवरच्या हजेरीशी जुळतात का ते. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे आमच्या कंपनीवर येते, त्यामुळे इथे डोळे उघडे ठेवावे लागतात. ईएसआयला कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25 टक्के, पगाराची मर्यादा 21,000. हे आकडे मुलाखतीत विचारले की एमबीए एचआर झालेली पोरं माझ्याकडे बघत राहतात. मोटिव्हेशनची थिअरी मात्र घडाघडा म्हणतात.

मग शिस्तीचे मामले. एखाद्याने सुपरवायझरवर हात उगारला तर त्याला उद्यापासून येऊ नको म्हणता येत नाही. आरोपपत्र द्यायचं, खुलासा घ्यायचा, चौकशी अधिकारी नेमायचा, कामगाराला त्याचा प्रतिनिधी द्यायचा, साक्षीदारांची उलटतपासणी होऊ द्यायची, प्रत्येक पानावर सह्या घ्यायच्या. चौकशी ढिसाळ झाली तर कामगार न्यायालय ती बाजूला ठेवतं आणि काही वर्षांनी तो माणूस मागच्या पगारासकट गेटमधून आत येतो. अशा वेळी पहिला प्रश्न एचआरलाच विचारतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे करार. जुना वेतन करार संपत आला की युनियनचं मागणीपत्र येतं. साधारण तीनेक वर्षांचा करार असतो. ते एक आकडा सांगतात, आम्ही एक सांगतो, दोघांनाही माहीत असतं की खरा आकडा मधे कुठेतरी आहे. पण तिथवर पोचायला महिने जातात. उत्पादन किती वाढवणार, नवीन पोरांना किती, जुन्यांना किती, मेडिक्लेममध्ये आईवडील धरायचे का. मध्येच काळ्या फिती लागतात, मध्येच उत्पादन हळू होतं. सही झाली की दोन्ही बाजू गुलाल लावून फोटो काढतात. ही प्रक्रिया ज्याने आतून एकदा पाहिली, त्याला पुढे कुठल्याही टेबलावर बसायची भीती वाटत नाही.

पावसाळी_ढग

एवढं रंगवून सांगताय, पण 2012 च्या जुलैत मानेसरला मारुतीच्या कारखान्यात काय झालं तेही सांगा तिला. एचआरच्याच महाव्यवस्थापकांचा जीव गेला. मुलीला कशाला असल्या ठिकाणी पाठवताय?

वाळूजवाला

झालं ते भयंकरच होतं, कुणीही त्याचं समर्थन करणार नाही. पण ते एका दिवसात आकाशातून पडलं नव्हतं. आदल्या वर्षी, 2011 मध्ये, तिथे युनियनच्या प्रश्नावरून संप झाले होते. एकाच लाइनवर कायम आणि कंत्राटी कामगार शेजारी उभे, पगार वेगळे, हाही राग होता. कारखान्यात काय शिजतंय हे वरच्यांना वेळेवर कळवणं हाच तर आयआरचा धंदा आहे. आणि मुलीला पाठवायचं की नाही हे आपण कोण ठरवणार? तिने विषय विचारलाय, परवानगी मागितलेली नाही.

जुना_करार

कृष्णाकाठ, आधी तुझ्या वहीच्या मागच्या पानाबद्दल. पप्पा कायम आहेत की हंगामी? साखर कारखान्यात हा प्रश्न आधी विचारायचा. कायम कामगाराला नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, दिवसाचा पगार काढायचा महिन्याचा 26 ने भागून. पण फक्त गळिताच्या हंगामापुरता येणारा असेल तर दर हंगामाला 7 दिवसांचा. तू 15 ने केला असशील आणि ते हंगामी असतील तर घरात उगाच आनंद होईल.

मी पर्सोनेल मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. आमच्या वेळी एचआर हे नाव रुळलेलं नव्हतं. पप्पांनी जो शेरा मारला त्याला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

मुंबईच्या गिरण्यांत भरती मुकादमाच्या हातात असे. काम हवं तर त्याला दस्तुरी, म्हणजे लाच द्या, रजेवरून परत आलात तर पुन्हा द्या. ब्रिटिशांच्या काळात नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात सांगितलं की भरती मुकादमाकडून काढून घ्या आणि लेबर ऑफिसर नेमा. म्हणजे तुझ्या पप्पांचा लेबर ऑफिसर जन्माला आला तो मुकादमाची मुजोरी मोडायला. पुढे 1948 चा कारखाना अधिनियम आला, त्याच्या कलम 49 नुसार 500 किंवा जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी सक्तीचा झाला. नेमायचा कायद्याने, पगार द्यायचा मालकाने. खुर्चीची अडचण तेव्हापासूनची आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही आणि पप्पांशी वाद घालण्यातही नाही. त्यांनी आयुष्यभर त्या खुर्चीच्या समोरून पाहिलंय.

आमच्यातले बरेच जण परळच्या कामगार संस्थेतून आलेले, जिला आता नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव आहे. तिथला मास्टर ऑफ लेबर स्टडीज, पुण्याकडचा एमपीएम (पर्सोनेल मॅनेजमेंट), कर्वे समाज सेवा संस्थेचा किंवा कोल्हापूरच्या सायबर संस्थेचा एमएसडब्ल्यू (समाजकार्य), आणि नोकरी करता करता आयएलएस लॉ कॉलेजातून केलेला कामगार कायद्याचा डिप्लोमा, ही आमची शिदोरी. पुढे 1975 च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोमध्ये उदय पारीक आणि टी. व्ही. राव या व्यवस्थापनतज्ज्ञांनी एचआरडीचा, म्हणजे मनुष्यबळ विकासाचा, वेगळा विभाग उभा करून दिला आणि हळूहळू सगळीकडच्या पाट्या बदलल्या. पाट्यांच्या आतली माणसं आम्हीच होतो.

हे सगळं सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. कल्याण अधिकाऱ्याच्या जाहिरातीत पात्रतेची ओळ नीट वाच. महाराष्ट्राचे त्याबाबत 1966 पासूनचे स्वतंत्र नियम होते, आणि नुसतं एमबीए एचआर म्हटलं की झालं असं नसे. कारखान्याकडे जायचं मनात असेल तर एमबीएसोबत कामगार कायद्याचा डिप्लोमा करून टाक. खर्च फार नाही आणि मुलाखतीत वजन पडतं.

कायदेकानू

@जुना_करार, काका, उत्तम प्रतिसाद. एक भर घालतो, कारण धागाकर्ती जे शिकतेय ते मधेच बदललंय.

चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. वेतन संहिता 2019 ची, बाकी तीन 2020 च्या. एकूण 29 केंद्रीय कायदे त्यात आले. वर सांगितलेली 500 कामगारांची कल्याण अधिकाऱ्याची मर्यादा आता 250 वर आली, म्हणजे ही खुर्ची जास्त कारखान्यांत लागणार. उलट बाजूला, कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी आधी 100 कामगारांपासून लागायची, ती आता 300 पासून. संपाआधी 14 दिवसांची नोटीस सगळ्याच उद्योगांना. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसाला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्ष पुरतं.

पण एचआरवाल्यांची खरी झोप उडवली ती वेतनाच्या व्याख्येने. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा. कृष्णाकाठ, उदाहरण घे. महिन्याचे 40,000, त्यात बेसिक 12,000 आणि बाकी घरभाडं, प्रवास, विशेष भत्ता अशी जुनी मांडणी. आता वेतन किमान 20,000 धरावं लागेल. ग्रॅच्युइटी बघ: 12,000 ला 15 ने गुणून 26 ने भागलं तर वर्षाला 6,923 येतात, 20,000 वर तेच 11,538. एका माणसामागे एवढा फरक, हजार माणसांची कंपनी असेल तर ताळेबंदात तरतूद केवढी वाढते ते तू बीकॉम आहेस, तूच काढ. पीएफ मात्र 15,000 च्या मर्यादेवरच कापणाऱ्या कंपनीत 1,440 वरून 1,800 होतो, म्हणजे हातातला पगार लोक घाबरतात तेवढा हलत नाही.

हे गणित ज्याला येतं त्याला आज भाव आहे. आणि जुने कायदे टाकून देऊ नकोस. जुने खटले चालू आहेत, आणि न्यायालयांनी दिलेले अर्थ एका रात्रीत पुसले जात नाहीत.

कृष्णाकाठ

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

जुना_करार काका, पप्पा कायम आहेत, विचारून घेतलं. आधी सात वर्षं हंगामी होते, त्यामुळे हिशोब दोन भागांत केला. तो त्यांनी कारखान्यातल्या तिघांना दाखवला आणि आता त्या तिघांचेही करून मागितलेत.

कायदेकानू दादा, पुस्तकात अजून जुनेच कायदे आहेत आणि मॅडम म्हणाल्या, परीक्षेत पुस्तकातलंच लिहा.

गगनबावडा

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. एचआर करायचं तर जमशेदपूरचं एक्सएलआरआय, मुंबईची टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) किंवा फार तर पुण्याचं एससीएमएचआरडी. बाकी ठिकाणांहून एचआर म्हणजे दोन वर्षं आणि फी पाण्यात. तिथली मुलं थेट बिझनेस पार्टनर, म्हणजे एकेका विभागाचं एचआर बघणारे, म्हणून लागतात, तुम्ही त्यांच्यासाठी मुलाखतींच्या वेळा जुळवणार.

खडूस_एचआर

@गगनबावडा, जमशेदपूरला एचआरचा अभ्यासक्रम स्वतंत्र आहे, तिथे माणूस प्रवेशालाच विषय ठरवून येतो. टिस 1936 पासून आहे आणि कामगार प्रश्नांची त्यांची परंपरा मोठी आहे, मान्य. पण हिचा प्रवेश झालाय, फी भरलीय, आणि प्रश्न आहे पाचांतून एक कुठला. प्रवेश परीक्षा पुन्हा दे असा सल्ला महिनाअखेरच्या फॉर्मवर कसा भरायचा?

बिझनेस पार्टनर या पाटीबद्दल म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ तीनशे लोकांच्या रजा, तक्रारी आणि राजीनामे एकट्याने सांभाळणं एवढाच असतो.

गगनबावडा

पगारातला फरक नाकारताय का?

खडूस_एचआर

नाही. फरक आहे, मोठा आहे, आणि पहिली काही वर्षं तो टोचतो.

एक्सेलबाई

मी कॉम्प अँड बेनमध्ये आहे, म्हणजे पगाराची रचना, वाढीचं बजेट, बोनस. इकडे फारसं कुणी येत नाही कारण रांगोळी नाही आणि रात्री एक्सेल आहे. कृष्णाकाठ, तुझ्यासारखीने इकडे यावं असं मला वाटतं. बीकॉम, आकड्यांची भीती नाही, कायदा आवडतो, आणखी काय हवं?

जोडविषय म्हणून अ‍ॅनालिटिक्स घे, पण त्या नावाला भुलू नको. आमच्याकडे अ‍ॅनालिटिक्सच्या नावाखाली जे चालतं त्यातलं बरंचसं म्हणजे तीन वेगवेगळ्या याद्यांतून एकच कर्मचारी शोधणं. पगाराच्या यादीत नाव एक, हजेरीत स्पेलिंग वेगळं, पीएफला तिसरं. हे साफ केल्यावर मग गळतीचा दर. तोही सरळ नसतो. वर्षभरात सोडून गेलेले भागिले सरासरी मनुष्यबळ, हे झालं सूत्र. पण प्रोबेशनमध्ये गेलेले धरायचे का? कंपनीने काढलेले धरायचे का? व्याख्या बदलली की आकडा बदलतो, आणि मोठ्या आयटी कंपन्या तिमाही निकालांसोबत हा आकडा जाहीर करतात, गुंतवणूकदार तो बघतात. तेव्हा व्याख्येवरून खोलीत आवाज चढतात.

एक्सेलमधलं पिव्होट टेबल आणि लुकअप हात न थांबता यायला हवं. सक्सेसफॅक्टर्स, वर्कडे, डार्विनबॉक्स यातलं एखादं एचआर सॉफ्टवेअर कंपनीत भेटेलच, ते तिथे शिकता येतं. आणि फायनान्सचे दोन विषय ऐच्छिक म्हणून मिळत असतील तर सोडू नको. सीएफओला (वित्तप्रमुखाला) पगारवाढीचं बजेट त्याच्या भाषेत समजावता आलं की तुझं निम्मं काम होतं.

राइनकाठी

जर्मनीहून लिहितोय, दोनच ओळी. एचआर बाहेरदेशी नेणं कठीण. फायनान्सचं, कोडिंगचं काम देश बदलला तरी बरंचसं तेच राहतं, इथे कायदाच बदलतो. इकडे पाच कायम कर्मचारी असलेल्या ठिकाणीही कामगार परिषद निवडता येते आणि तिच्याशी सगळं जर्मनमध्ये बोलावं लागतं. माझ्या पत्नीला पुण्यात एचआरचा चांगला अनुभव होता, इथे आल्यावर ती पेरोलकडे वळली. परदेशाचा विचार असेल तर हे आत्ताच धरून चाल.

मेथीची जुडी

@राइनकाठी, तिकडे फन फ्रायडे असतो का?

राइनकाठी

शुक्रवारी दुपारी तीनला ऑफिस रिकामं होतं. तोच.

कृष्णाकाठ

परदेशाचा विचार नाही, कराडच्या जितकं जवळ तितकं बरं.

सगळं वाचून मन जवळपास एचआरकडेच झुकलंय. पण आता दुसरा पेच. उन्हाळी इंटर्नशिपसाठी दोन ठिकाणी होकार आलाय. एक बाणेरची भरती कन्सल्टन्सी, स्टायपेंड देणार, चांगलं काम केलं तर पुढे नोकरी देऊ म्हणतात. दुसरा शिरवळजवळचा इंजिनीअरिंग कारखाना, स्टायपेंड नाही, फक्त जेवण आणि बस. तिथल्या एचआरने फोनवर विचारलं, "शॉप फ्लोअरवर फिरायला लागेल, चालेल ना?" वर्गातले सगळे म्हणतात कन्सल्टन्सी घे, हातात ऑफर राहील. तुम्ही काय म्हणता?

पावसाळी_ढग

कन्सल्टन्सी. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये. शिवाय स्टायपेंड नाही म्हणजे ते तुला फाइली लावायला बसवणार.

वाळूजवाला

शिरवळ. डोळे झाकून.

भरतीचं काम तुला नंतर कधीही मिळेल, त्याची दारं कायम उघडी असतात. कारखान्याचं दार बाहेरून उघडत नाही. दोन महिने टाइम ऑफिसात बसलीस तरी हजेरीपासून पगारपत्रकापर्यंत पैसा कसा वाहतो ते कळेल. फाइली लावायला बसवलं तर त्या वाच. आरोपपत्रांची फाइल, जुन्या करारांची फाइल. कॉलेजात असलं काही दाखवत नाहीत.

मुलगी म्हणून सांगायचं तर आमच्याकडे असेंब्ली लाइनवर आता मुली भरपूर आहेत आणि नव्या संहितेत त्यांच्या संमतीने आणि सुरक्षेची सोय करून रात्रपाळीही करता येते. त्या मुली अडचण सांगायला माझ्यासारख्या मिशीवाल्याकडे येत नाहीत. महिला एचआर अधिकारी शोधून दमलो आहोत. तुमच्या सरांनी "मुलींना एचआर बरं पडतं" म्हणताना नक्कीच हा विचार केला नसणार, पण कारखान्यांना गरज आहे ती अशी.

खडूस_एचआर

मी माझ्याच गोटाच्या विरुद्ध जाते. शिरवळ. पण घरी पैशांची ओढ असेल तर स्टायपेंड घ्यायला लाजू नकोस. फुकटात शिकणं ज्याला परवडतं त्यालाच परवडतं. आणि कन्सल्टन्सी निवडलीस तर "पुढे नोकरी देऊ" हे ईमेलवर घे.

अनघड

इतका वेळ नुसता वाचत होतो. कंपनीतला साधा इंजिनीअर आहे, एचआरच्या पलीकडच्या बाजूचा. तक्रार घेऊन गेलो की एचआर गोड बोलतं, सगळं लिहून घेतं आणि दुसऱ्या दिवशी ते आमच्या मॅनेजरला माहीत असतं. त्यामुळे या ताईंच्या वडिलांचं मत मला तरी अगदी पटलं. वरच्या कुणीच त्याचं सरळ उत्तर दिलेलं नाही.

जुना_करार

@अनघड, सरळ उत्तर देतो. पप्पा बरोबर आहेत. एचआर कंपनीचाच नोकर असतो. पण कंपनीला स्वतःपासून वाचवणं हाही त्या नोकरीचा भाग आहे आणि तो बऱ्याच जणांना झेपत नाही. मॅनेजर म्हणतो, उद्या याला काढा. तेव्हा "साहेब, असं काढता येणार नाही, हे कलम बघा" म्हणणारा कुणीतरी लागतो. तो चांगुलपणामुळे म्हणतो की खटल्याच्या भीतीमुळे, कामगाराला काय फरक पडतो? ज्याला कायदा येत नाही तो एचआरवाला मॅनेजरला नाही म्हणूच शकत नाही, तो गोड बोलतो. तुम्हाला तसाच भेटला असावा.

तक्रार फुटणं मात्र अक्षम्य. लैंगिक छळाच्या तक्रारीत तर 2013 च्या कायद्याने गुप्तता बंधनकारक आहे आणि भंग केला तर दंड आहे. बाकी तक्रारी लेखी द्या, ईमेलने द्या, तारखेसकट.

अनघड

मान्य. ईमेलचं लक्षात ठेवतो.

कृष्णाकाठ

फॉर्म आज दिला. मुख्य विषय एचआर, जोडविषय अ‍ॅनालिटिक्स, आणि ऐच्छिकमध्ये फायनान्सचा एक पेपर मिळतोय तो घेतला. शिरवळला हो कळवलंय. दादा अजून फुगलेला आहे. पप्पा म्हणाले, शिरवळ म्हणजे सातारा जिल्ह्यातच की, मग ठीक आहे.

आता प्रोजेक्टचा विषय सुचवा. मार्गदर्शक मॅडमनी "कर्मचारी समाधानाचा अभ्यास" दिलाय, शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची.

एक्सेलबाई

नको गं बाई. त्या प्रश्नावल्या इंटर्न समोर बसून भरून घेतात आणि सगळे कामगार "पूर्ण समाधानी" वर खूण करून जेवायला जातात.

जुना_करार

गैरहजेरीवर कर. कारखान्याकडे गेल्या दोन-तीन वर्षांची हजेरी मागून घे, नावं नकोत, फक्त टोकन नंबर, विभाग आणि तारखा. महिन्यानिहाय मांड. त्या पट्ट्यात पेरणी, गणपती, लग्नसराई आणि आसपासच्या गावांच्या जत्रा या चार ठिकाणी आलेख उडी मारणार. जत्रांच्या तारखा पंचांगातून आधीच कळतात, तरी कारखाना दरवर्षी चकित होतो. कुठल्या गावचे किती कामगार कुठल्या लाइनवर आहेत हे त्याच्याशी जुळवलंस तर रजांचं नियोजन आणि बदली कामगारांची गरज आधीच सांगता येईल. प्रॉडक्शन मॅनेजर तुझा अहवाल स्वतःहून मागून घेईल. मॅडमना शीर्षक हवं तसं दे.

कृष्णाकाठ

हे मस्त आहे काका! शिरवळच्या एचआरला विचारते, हजेरी देतात का बघते. आणखी काही घेऊन जायला लागेल का तिथे? पहिल्यांदाच कारखान्यात जातेय, पप्पांचा सोडून.

वाळूजवाला

आधार, बँक पासबुकाची प्रत, कॉलेजचं पत्र, दोन फोटो. गेटवर अपघात विम्याचं विचारतील, ते कॉलेजकडून आधीच लिहून घे. ओढणी शॉप फ्लोअरवर चालत नाही, केस बांधलेले हवेत. आणि सेफ्टी शूज स्वतःचे ने, स्टोअरमध्ये सहसा सातच्या खालचं माप नसतं.